मुलीला घोड्यांचं वेड आहे, आम्ही गोव्यात राहतो. यात करिअर होईल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावी सायन्सला आहे, राहता साखळीला, आणि तिला घोड्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही. यात पोट भरेल का? भरेल. पण शिकण्याची वर्षं तरी गोव्याबाहेर काढावी लागतील.

मी डिचोलीचा, पशुवैद्य. शिकलो परळला, मग पुण्यात रेसच्या घोड्यांच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली राहिलो. आपल्याकडे घोडे म्हणाल तर किनाऱ्याकडचे थोडे खासगी तबेले, वरातीतले, आणि शिगम्यात कमरेला बांधून नाचवतात ते घोडेमोडणीचे लाकडी. एकेकाळी अरबी घोडे गोव्याच्याच बंदरात उतरून विजयनगरच्या पागेत जायचे आणि पोर्तुगीज त्यावर जकात कमवायचे, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही.

डॉक्टर व्हायचं असेल तर बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. त्यासाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. देशभरातल्या पशुवैद्यक कॉलेजांतल्या 15 टक्के जागा त्यावरच भरतात. गोव्यात असं कॉलेज नाही, म्हणून बाहेरच्या कॉलेजांत गोव्याच्या मुलांसाठी जागा आहेत का, ते पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयात आधीच विचारून ठेवा. परळचं कॉलेज 1886चं, नाव मोठं. पण कुठल्याही कॉलेजात मुख्य भर गाय-म्हैस, कोंबडी, कुत्र्यावर असतो. घोडा शिकायचा तर सुट्टीत रेसकोर्सवर किंवा पुण्याजवळच्या एखाद्या स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, जाऊन राहायचं. घोडी अकरा महिन्यांनी विते, तेही बहुधा रात्री. शिंगरू उभं राहताना बघायचं तर तिथेच मुक्काम हवा. पुढे रेसकोर्स, स्टड फार्म, लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, संशोधनात रस असेल तर हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र.

डॉक्टरकी हा एकच रस्ता मात्र नव्हे. मला विचाराल तर चांगल्या नालबंदाची, म्हणजे घोड्याला नाल ठोकणाऱ्याची, किंमत आपल्या लोकांना कळलेलीच नाही. खूर नखासारखा वाढत राहतो, महिन्याला जवळपास सेंटिमीटरभर. म्हणून दर महिना-दीड महिन्याने नाल काढायची, खूर तासायचा, पुन्हा ठोकायची. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतूनच जाऊन वर बाहेर निघाला पाहिजे. जरासा आत वळला की घोडा लंगडतो. पुण्यातले एक म्हातारे नालबंद घाव घालताना बोलायचे नाहीत, आवाज ऐकायचे. खिळा कठीण भागातून चालला की टणटण, आवाज बसका झाला की लगेच उपसून दुसरीकडे. हे काम बहुतेक बापाकडून मुलाकडे जातं. मुलीने केलेलं मी पाहिलं नाही, पण ताकदीपेक्षा यात नजर आणि पाठीची सवय जास्त लागते.

रायडिंग शिकवणं हाही पर्याय आहे. पर्यटनामुळे गोव्यात परत येऊन करण्यासारखा तोच जास्त. पण इथली दमट हवा घोड्याला मानवत नाही हे लक्षात ठेवा: काही घोड्यांचा घाम येणंच बंद होतं आणि ते उभ्या उभ्या धापा टाकतात. पावसात खुराच्या तळाशी असलेला मधला मऊ भाग कुजतो. तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही.

म्हणून फी भरण्याआधी मुलीला ऐन पावसात दोन-तीन आठवडे एखाद्या तबेल्यात ठेवा. पाठीवर बसायला नव्हे. पहाटे लीद काढायची, खरारा करायचा म्हणजे अंग घासायचं, चारही खूर उचलून साफ करायचे, चंदी म्हणजे दाणा द्यायचा. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, काय बघतो ते तिने बघावं. चंदी शिल्लक राहिली, घोडा वळून वळून पोटाकडे बघतोय, पाय आपटतोय, हे डॉक्टरच्या आधी त्याला कळतं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखीही जिवावर बेतू शकते आणि फोन रात्री दोनला येतो. हे सगळं बघूनही तिला तिथेच राहायचं असेल तर खुशाल पाठवा.

आणि जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन आठवणीने द्या. लिदीत ते जंतू असतातच, आणि तबेल्यात खिळा-पत्रा लागणं रोजचं.