रचना सुचते कुठून? स्पर्धांमधील भूमितीविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळी भूमितीवर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. सोबत आकृत्या छापलेल्या नाहीत आणि ते जाणूनबुजून केले आहे. वाचकांनी कागद आणि पट्टी जवळ घ्यावी आणि प्रत्येक आकृती निदान अर्ध्या पानाएवढी मोठी काढावी, कारण लहान आकृतीत जवळजवळचे दोन बिंदू एकच वाटू लागतात.

प्रश्न : त्रिकोण अबक मध्ये अब = अक आणि ∠अ = २०° आहे. बाजू अब वर ड हा बिंदू असा घेतला आहे की अड = बक. तर ∠अडक किती? हे उदाहरण मी चार दिवस सोडवत होते. कोनमापकाने मोजल्यावर उत्तर १५०° येते हे कळले, पण सिद्धता जमली नाही. शेवटी उत्तर पाहिले, तर पहिलेच वाक्य होते, ‘बक या बाजूवर त्रिकोणाच्या आतल्या अंगाला समभुज त्रिकोण काढा.’ पुढचे सगळे समजले, पण समभुज त्रिकोण काढायचा हे मला कधीच सुचले नसते. सर, अशा रचना सुचतात कुठून?
(दहावीतील एक विद्यार्थिनी)

उत्तर : तुम्ही आधी मोजून पाहिलेत हे उत्तम केलेत. कुठे पोहोचायचे आहे हे ठाऊक असले की अर्धी वाट सापडते. तुमच्या तक्रारीतही तथ्य आहे. छापील उत्तरे रचना सांगतात, पण त्या रचनेपर्यंत नेणारा विचार गाळून टाकतात, आणि मग वाचणाऱ्याला वाटते की हे काम दैवी देणगी असलेल्यांचेच. म्हणून तो गाळलेला विचार इथे सविस्तर मांडतो.

पक्षात काय दिले आहे ते पुन्हा पाहा. अड आणि बक या लांबी समान आहेत, पण एक रेख शिरोबिंदूपाशी आहे आणि दुसरी पायाशी. ज्या एकरूप त्रिकोणांत त्या संगत बाजू ठरतील, असे दोन त्रिकोण आकृतीत कुठेही दिसत नाहीत, आणि तोपर्यंत ही समानता आपल्या उपयोगाची नाही. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न ‘कोणती रेषा काढू?’ हा नव्हे, तर ‘त्रिकोण अडक शी एकरूप असा दुसरा त्रिकोण मला कुठे बसवता येईल?’ हा आहे.

त्रिकोण अडक बद्दल आपल्याला तीन गोष्टी माहीत आहेत : बाजू अक, बाजू अड आणि त्यांच्यामधला २०° चा कोन. अक ही बाजू तशीच ठेवून दुसरा त्रिकोण तिच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे क पाशी, उभा करायचा ठरवू. त्यासाठी क मधून निघणारी, अड एवढ्या लांबीची आणि कअ शी २०° चा कोन करणारी एक रेख हवी. आता क पाशी आधीपासून काय आहे ते पाहा. तिथे कब ही रेख आहे, तिची लांबी नेमकी हवी तेवढीच आहे, पण ती कअ शी ८०° चा कोन करते. म्हणजे ती क भोवती ६०° ने आत वळवली की काम झाले, आणि एखादी रेख ६०° ने वळवणे म्हणजेच तिच्यावर समभुज त्रिकोण काढणे. ८० मधून २० वजा करण्यापलीकडे या रचनेत गूढ असे काही नाही.

आता सिद्धता पूर्ण करू. समभुज त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू प मानू. त्रिकोण अकप आणि त्रिकोण कअड यांत अक ही सामाईक बाजू आहे, कप = कब = अड आहे आणि ∠अकप = ८०° − ६०° = २०° = ∠कअड आहे, म्हणून बाकोबा कसोटीने हे त्रिकोण एकरूप आहेत. परिणामी ∠अकड = ∠कअप. परंतु अब = अक आणि पब = पक असल्यामुळे अ आणि प हे दोन्ही बिंदू बक च्या लंबदुभाजकावर आहेत, म्हणून अप ही रेषा ∠अ ला दुभागते आणि ∠कअप = १०° होतो. त्रिकोण अडक चे दोन कोन २०° आणि १०° मिळाले, उरलेला ∠अडक = १५०°.

या उदाहरणाच्या अनेक सिद्धता आहेत आणि आणखी एक तुम्ही स्वतः शोधू शकाल. समान रेखा क पाशी आणण्याऐवजी अ पाशी आणायच्या ठरवल्या तर काय करावे लागेल, इथून सुरुवात करा.

प्रश्न : एका मित्राने मला ‘प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो’ याची सिद्धता दाखवली. निष्कर्ष उघडच खोटा आहे, पण मला चूक सापडत नाही. सिद्धता अशी : त्रिकोण अबक मध्ये ∠अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक म मध्ये छेदतात. म मधून अब वर मप आणि अक वर मफ हे लंब टाका. त्रिकोण अपम आणि अफम एकरूप, म्हणून अप = अफ आणि मप = मफ. म हा लंबदुभाजकावर असल्याने मब = मक, म्हणून काटकोन त्रिकोण मपब आणि मफक कर्णभुजा कसोटीने एकरूप आणि पब = फक. बेरीज केली की अब = अक. कृपया चूक दाखवावी.
(अकरावीतील एक विद्यार्थी)

उत्तर : गंमत अशी की एकरूपतेची प्रत्येक पायरी बरोबर आहे. चूक शेवटच्या ‘बेरीज केली की’ या शब्दांत आहे, आणि ती तिथे आकृतीतून आली आहे. तुमच्या मित्राने म हा बिंदू त्रिकोणाच्या आत काढला असणार. प्रत्यक्षात तो कधीच आत नसतो. कोनाचा दुभाजक परिवर्तुळाला पुन्हा जिथे छेदतो, तो बिंदू अ नसलेल्या कंस बक चा मध्यबिंदू असतो, कारण त्याच्या दोन बाजूंच्या कंसांवर समान आंतरलिखित कोन उभे असतात. त्या कंसाच्या मध्यातून बक चा लंबदुभाजकही जातो. म्हणजे म हा परिवर्तुळावर, बाजू बक च्या पलीकडे असतो. (अब = अक असेल तेव्हा तर त्या दोन रेषा एकच होतात आणि छेदनबिंदूचा प्रश्नच उरत नाही.)

आकडे घालून पाहा, म्हणजे चूक हाताला लागेल. अब = ६, अक = ४ आणि बक = ५ घ्या आणि आकृती काळजीपूर्वक काढा. अप आणि अफ समान आहेत, पब आणि फक समान आहेत, हे सगळे खरे आहे. परंतु प हा बाजू अब वर ब च्या अलीकडे १ एकक येतो, तर फ हा बाजू अक वर नसून क च्या पुढे १ एकक वाढवलेल्या रेषेवर येतो. एकीकडे अब = अप + पब = ५ + १ आणि दुसरीकडे अक = अफ − फक = ५ − १. एका बाजूला बेरीज आणि दुसऱ्या बाजूला वजाबाकी आहे. मित्राने दोन्हीकडे बेरीज केली. विषमभुज त्रिकोणात अप ही लांबी नेहमी अब आणि अक यांच्या सरासरीएवढी येते, म्हणून एक लंबपाद मोठ्या बाजूच्या आत आणि दुसरा लहान बाजूच्या बाहेर पडणारच.

याच कारणाने मी विद्यार्थ्यांना सांगतो की आकृती समद्विभुजाच्या जवळपास जाणारी काढू नका, आणि बिंदू कोणत्या क्रमाने रेषेवर आहेत हे सिद्धतेत शब्दांत लिहा. परीक्षक आकृती पाहून तुमचे म्हणणे मान्य करत नाही.

हा म बिंदू मात्र विसरू नका. स्पर्धांच्या भूमितीत त्याच्याइतका वारंवार भेटणारा बिंदू क्वचितच असेल. त्रिकोणाच्या अंतर्वर्तुळाचे केंद्र त मानले तर मब = मक = मत असते. ∠मबत मध्ये ∠मबक = ∠मअक, म्हणजे ∠अ चा अर्धा भाग, आणि ∠कबत, म्हणजे ∠ब चा अर्धा भाग, असे दोन भाग येतात. ∠मतब हा त्रिकोण अतब चा बाह्यकोन असल्याने त्यातही तेच दोन अर्धे भाग येतात. दोन्ही कोन समान, म्हणून मब = मत.

प्रश्न : मला निर्देशक भूमितीने उदाहरणे सोडवायला आवडतात, पण आमच्या वर्गात त्याला ‘हमाली’ म्हणतात. स्पर्धेत अशी उत्तरे ग्राह्य धरतात का?
(बारावीतील एक विद्यार्थिनी)

उत्तर : पूर्ण आणि बिनचूक असेल तर कोणत्याही मार्गाची सिद्धता ग्राह्य असते. या पद्धतीला कमी लेखण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. प्रश्न फक्त ती कुठे वापरावी हा आहे.

ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखले जाणारे एक प्रमेय घेऊ. ते इसवी सन ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात आहे. चक्रीय चौकोन अबकड चे कर्ण म मध्ये काटकोनात छेदत असतील, तर म मधून बक वर टाकलेला लंब मागे वाढवला असता तो अड ला दुभागतो. इथे कर्ण परस्परांना लंब आहेत, म्हणजे अक्ष उदाहरणानेच आखून दिले आहेत. म ला आरंभबिंदू माना आणि मअ = य, मब = र, मक = ल, मड = व घ्या. मग अ (य, ०), ब (०, र), क (−ल, ०) आणि ड (०, −व). रेषा बक चा चढ र/ल आहे. अड चा मध्यबिंदू (य/२, −व/२) आहे आणि त्याला म शी जोडणाऱ्या रेषेचा चढ −व/य आहे. या दोहोंचा गुणाकार −रव/यल. जीवांच्या अंतर्छेदनाच्या प्रमेयानुसार यल = रव, म्हणून गुणाकार −१ येतो आणि प्रमेय सिद्ध होते. याला हमाली कोण म्हणेल?

तरीही याची दुसरी सिद्धता मला अधिक प्रिय आहे. लंबपाद न आणि लंब अड ला जिथे छेदतो तो बिंदू फ माना. ∠अमफ = ∠नमक (विरुद्ध कोन), ∠नमक = ∠मबक (दोन्ही ∠मकब चे कोटिकोन) आणि ∠मबक = ∠मअड (एकाच कंसातील कोन). म्हणून त्रिकोण अफम मध्ये फअ = फम, आणि तशाच रीतीने फड = फम. पहिली सिद्धता प्रमेय खरे आहे हे पटवते. दुसरीत ते खरे का आहे ते दिसते, कारण फ हा काटकोन त्रिकोण अमड च्या तिन्ही शिरोबिंदूंपासून समान अंतरावर येतो.

उदाहरणात कोनदुभाजक किंवा अंतर्वर्तुळाचे केंद्र आले की मात्र सावध राहा. तिथे वर्गमुळे वाढत जातात, आणि अर्ध्यावर सोडलेल्या आकडेमोडीला गुण मिळतील अशी आशा धरू नये. काटकोन आणि मध्यबिंदू असतील तेथे निर्देशक निःसंकोच वापरा.

प्रश्न : माझा मुलगा गणित ऑलिंपियाडची तयारी करतो. त्याच्याकडे भूमितीच्या शंभराहून अधिक प्रमेयांची यादी आहे आणि ती पाठ करण्यात त्याचे महिने चालले आहेत. एवढी प्रमेये खरोखर लागतात का?
(एक पालक)

उत्तर : नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीन असे सहा प्रश्न असतात. प्रत्येकाला ७ गुण असतात आणि हे प्रश्न बीजगणित, संख्या सिद्धांत, कॉम्बिनेटोरिक्स आणि भूमिती या चार भागांतून येतात. एका प्रश्नामागे सरासरी दीड तास दिला जातो तो विचार करण्यासाठी. आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, समरूपता, स्पर्शिका आणि छेदिकांचे गुणाकार यांवर पक्की पकड असली की बरीच मजल मारता येते; टॉलेमी, सेव्हा आणि मेनेलॉस यांची प्रमेये त्यानंतर, एखाद्या उदाहरणात अडल्यावर शिकावीत, म्हणजे ती लक्षात राहतात.

मुलाला हे एक उदाहरण द्या. ते १९५९ मध्ये रोमानियात झालेल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधले आहे : कर्णाची लांबी दिली असता असा काटकोन त्रिकोण काढा, की कर्णावरील मध्यगा ही काटकोन करणाऱ्या दोन बाजूंचा भूमितीमध्य असेल. त्याला तासभर एकट्याला बसू द्या आणि मगच पुढचा परिच्छेद दाखवा.

काटकोन त्रिकोणात कर्णावरील मध्यगा कर्णाच्या निम्मी असते, म्हणून दोन बाजूंचा गुणाकार कर्णाच्या वर्गाच्या एक चतुर्थांश हवा. पण तोच गुणाकार म्हणजे क्षेत्रफळाची दुप्पट, अर्थात कर्ण गुणिले कर्णावरील शिरोलंब. म्हणून शिरोलंब कर्णाच्या एक चतुर्थांश असला पाहिजे. कर्णाला व्यास मानून अर्धवर्तुळ काढा आणि व्यासापासून त्याच्या एक चतुर्थांश अंतरावर समांतर रेषा काढा. ती अर्धवर्तुळाला दोन ठिकाणी छेदते आणि एकमेकांची प्रतिबिंबे असलेले दोन त्रिकोण मिळतात. शिरोलंब त्रिज्येच्या निम्मा असल्यामुळे केंद्राशी ३०° चा कोन होतो, आणि त्याच कंसावरचा आंतरलिखित कोन त्याच्या निम्मा, म्हणजे १५°. त्रिकोणाचे लघुकोन १५° आणि ७५° आहेत.