ऋण इलेक्ट्रोडला ‘ॲनोड’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : ‘शाळेत ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असे शिकवले जाते, लिथियम-आयन बॅटरीच्या माहितीत मात्र ग्रॅफाइटच्या ऋण टोकाला ॲनोड म्हटलेले आढळते. मराठीत लिहिताना काय लिहावे?’

दोन्ही वापर आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो ‘धनाग्र’ हा ॲनोडचा सर्वत्र चालणारा प्रतिशब्द मानल्यामुळे. मायकेल फॅराडे यांनी विल्यम ह्युएल यांच्या सल्ल्याने १८३४ मध्ये रूढ केलेल्या ‘ॲनोड’ या शब्दाचा ग्रीक अर्थ ‘वर जाणारी वाट’ असा असून त्यात धन-ऋणाचा निर्देशच नाही. आज ज्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) होते तो ॲनोड आणि ज्यावर क्षपण (इलेक्ट्रॉन स्वीकारणे) होते तो कॅथोड, अशी व्याख्या केली जाते. विद्युत अपघटनात, म्हणजे वीज वापरून पदार्थाचे विघटन करताना, बाहेरचा स्रोत ॲनोडमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून तेथे ॲनोड धन असतो. बॅटरी वीज देत असताना मात्र ग्रॅफाइटच्या थरांत बसलेले लिथियम आयनरूपाने बाहेर पडते, त्याचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलात जातात, आणि त्यामुळे ऑक्सिडीकरणाची जागा हेच ऋण टोक ठरते.

रिचार्जेबल बॅटरीत खरी अडचण यापुढे आहे. चार्जिंग सुरू झाले की त्याच ग्रॅफाइटवर क्षपण होऊ लागते. म्हणजे व्याख्या काटेकोरपणे पाळायची तर मघाचा ॲनोड आता कॅथोड झाला. ग्रॅफाइटचा विभव (व्होल्टमध्ये मोजली जाणारी विद्युत पातळी) समोरच्या इलेक्ट्रोडपेक्षा कमी असणे मात्र दोन्ही वेळा कायम राहते. म्हणून ‘ऋण इलेक्ट्रोड’ हाच शब्द मला सर्वांत निर्दोष वाटतो. शिसे-आम्ल बॅटरीचे काम करणारे कारागीर सच्छिद्र शिशाच्या पट्टीला ‘निगेटिव्ह प्लेट’ म्हणतात, तेही याच कारणाने अचूक आहे. ज्या सुपरकपॅसिटरमध्ये (झटपट भरणाऱ्या-रिकाम्या होणाऱ्या वीज-साठवण साधनात) आयन केवळ कार्बनच्या पृष्ठभागावर गोळा होतात, ऑक्सिडीकरण होतच नाही, तेथे तर ॲनोड म्हणायला आधारच उरत नाही. संशोधनलेखांत डिस्चार्जची, म्हणजे बॅटरी वीज देत असतानाची, स्थिती गृहीत धरून ‘ॲनोड’ लिहिण्याचा प्रघात आहे. तो संकेत म्हणून चालू द्यावा, पण त्याचे भाषांतर ‘धनाग्र’ कदापि करू नये.

ग्रॅफाइट, सिलिकॉन, सोडियम-आयन बॅटरीतील हार्ड कार्बन यांना काही जण ‘ऋण पदार्थ’ म्हणतात, तेही टाळावे. इलेक्ट्रोड म्हणजे धातूची पत्री, तिच्यावरचा क्रियाशील पदार्थ आणि त्याला धरून ठेवणारा बंधक असे सारे मिळून बनते. शिवाय ऋणत्व हा पदार्थाचा अंगभूत गुण नाही. लिथियम टायटनेट या ऋण इलेक्ट्रोडसाठी वापरल्या जाणाऱ्या संयुगाचा विभव लिथियम धातूपेक्षा सुमारे १.५५ व्होल्टने जास्त असतो. व्यवहारातल्या बॅटरीत ते ऋण बाजूला असते, परंतु प्रयोगशाळेत लिथियमच्या पत्रीसमोर ठेवून त्याची चाचणी घेतली की तेच धन इलेक्ट्रोड ठरते. ग्रॅफाइटचेही तसेच. त्यामुळे ‘ऋण इलेक्ट्रोडसाठीचे पदार्थ’ असा थोडा लांब, पण नेमका शब्दप्रयोग करावा.