स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करू नका

प्रश्न : माझे पती १७ वर्षं नगरपरिषदेच्या पाण्याच्या टँकरवर चालक आहेत. आधी अंधारात दिसेना, आता बाजूचंही दिसत नाही. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोझा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितलाय. साहेब म्हणतात, ‘हा आनुवंशिक, म्हणजे जन्मापासूनचा आजार. स्वेच्छानिवृत्ती घ्या, मुलाचं बघू.’ काय करावं?

उत्तर : ताई, सही झाली नसेल तर होऊ देऊ नका. झाली असेल तर मंजुरी यायच्या आत अर्ज मागे घेतल्याचं पत्र द्या.

पंजाब वीज मंडळातल्या एका सहायक लाइनमनची दृष्टी नोकरीत असताना गेली. त्यानंही असंच लिहून दिलं होतं : मला निवृत्त करा, बायकोला नोकरी द्या. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं मंडळाला झापलं. त्याचा हक्क काय, हे त्याला सांगणं अधिकाऱ्यांचंच काम होतं, असं म्हणत नोकरी परत दिली.

आज तो हक्क दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम २०(४)मध्ये आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर जादा पद निर्माण करायचं. नगरपरिषदेलाही हे लागू आहे.

‘जन्मापासूनचा’ हा मुद्दा टिकणारा नाही. जनुकांतला दोष जन्माचा असेल, पण कायदा दिव्यांगत्व कधी आलं ते बघतो. रुजू होतानाचा फिटनेस दाखला सेवापुस्तकात असेल; त्याची प्रत आधी काढा.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या वेळी एक खबरदारी घ्या. या आजारात तक्त्यावरची अक्षरं माणूस बऱ्यापैकी वाचतो आणि ‘नजर ठीक’ असा शेरा पडतो. पेरिमेट्री, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी, करण्याचा आग्रह धरा. दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व, मग अक्षरं कितीही वाचता येवोत.

टँकर मात्र आजपासून बंद. दिसत नाही हे ठाऊक असून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६खाली गुन्हा आहे. पण नुसतं घरी बसू नका, गैरहजेरी लागेल. वैद्यकीय कागद जोडून पर्यायी कामाची मागणी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. कार्यालयातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. तिथं दाद लागली नाही तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जा.

आणि ‘मुलाचं बघू’ हे साहेब कागदावर देतात का, तेवढं विचारून बघा.