फिलाडेल्फिया वाईट की सॅन फ्रान्सिस्को?

पुतणी शिकायला फिलाडेल्फियाला निघालीय, तर ड्रग्जच्या बाबतीत अमेरिकेतली सगळ्यात वाईट शहरं कुठली, त्याची यादी कुणी देईल का, असं तुम्ही विचारलंय. याद्या ढिगाने मिळतील. पण मी तिकडच्या एका काउंटीच्या आरोग्य खात्यात हेच आकडे जुळवत बसायचो, त्यामुळे माझा अशा क्रमवारीवर काडीचा विश्वास नाही.

ओव्हरडोसने माणूस गेला की रक्ताचा अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. काही ठिकाणी मृत्यूचा दाखला मेडिकल एक्झामिनर, म्हणजे त्या कामाला नेमलेला डॉक्टर देतो, तर काही ठिकाणी कोरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणारा निवडून आलेला अधिकारी, आणि तो डॉक्टर असेलच असं नाही. दाखल्यावर नुसतं 'ड्रग ओव्हरडोस' लिहिलं की कुठल्या द्रव्याने जीव घेतला ते गुलदस्त्यातच राहतं. म्हणजे जे शहर नीट तपासतं तेच कागदावर जास्त बदनाम!

फिलाडेल्फियाचंच बघा. झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणायचं औषध. फेंटानिल या अफूच्या जातीच्या जहाल कृत्रिम द्रव्यात मिसळून ते केन्सिंग्टन भागात 'ट्रँक' म्हणून विकलं जायला लागलं. नेहमीच्या लघवीच्या चाचणीत ते दिसतच नाही. दिसल्या त्या लोकांच्या हातापायांवरच्या चिघळलेल्या जखमा. व्हाइट हाउसने त्याला 'उभरता धोका' म्हटलं ते 2023 मध्ये, आणि 2024 मध्ये तिथल्या मालात मेडेटोमिडिन हे जनावरांच्या गुंगीचंच दुसरं औषध शिरलं.

शिवाय सगळी शहरं एका वेळी एका पायरीवर नसतात. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला पांढऱ्या पावडरीचं हेरॉइन चालायचं, त्यात फेंटानिल सहज मिसळलं. पश्चिमेला डांबरासारखं काळं हेरॉइन, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत फेंटानिलची लाट काही वर्षं उशिरा आली. त्या मधल्या काळातली यादी वाचून कुणी पश्चिमेला सुरक्षित म्हटलं असतं तर?

यावर बरा उपाय 1976 मध्ये निघाला होता. वीसेक शहरांतले जाणकार वर्षातून दोनदा एकत्र बसायचे आणि इमर्जन्सी, मृत्यू, व्यसनमुक्ती केंद्रं, पोलिसांची लॅब, रस्त्यावरची खबर हे सगळं शेजारी शेजारी मांडायचे. या पाचांपैकी तीन ठिकाणी एकाच द्रव्याचं नाव आलं की कान टवकारायचे. 2014 मध्ये ते बंद करून नवी यंत्रणा आणली. मला जुनीच आवडायची, म्हातारपण म्हणा हवं तर.

पुतणीला शहरापेक्षा गोळ्यांबद्दल सांगा. परीक्षेच्या दिवसांत मैत्रिणीने दिलेली अ‍ॅडरॉल, म्हणजे एकाग्रतेसाठी घेतात ती गोळीसुद्धा घ्यायची नाही. नकली गोळ्यांत फेंटानिल सापडतं. आणि फेंटानिलसारख्या द्रव्यांचा ओव्हरडोस उतरवणारा नार्कनचा नाकात मारायचा स्प्रे 2023 पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, एक खोलीवर ठेवायला सांगा.