मॅडम, परत गाठ लागतेय हो

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोनवर तो दबका आवाज आला की पुढचं काय ते मला आधीच कळतं. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात, गाठ काढलेली असते, आणि आता त्याच जागी हाताला कडक काहीतरी लागत असतं. डॉक्टरांनी तपासलेलं असतं, सोनोग्राफी झालेली असते, "रक्त साठलंय, हेमॅटोमा आहे, हळूहळू जिरेल" असं सांगितलेलं असतं, तरी डोळ्याला डोळा नाही. म्हणून आज एका ताईंबद्दल लिहितेय, त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

ताई गोव्यातल्या डिचोलीकडच्या, पन्नाशीच्या, घरीच शिवणकाम करतात, चवथीच्या (गणपतीच्या) आधीचे दोन महिने म्हणजे त्यांचा सीझन. फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा बाहेर धो धो पाऊस, आणि काखेत एक छोटीशी उशी, ब्लाऊजपीसच्या उरलेल्या तुकड्यांची, कदंबा बसच्या गचक्यांनी दुखू नये म्हणून स्वतःच शिवलेली. खुर्चीत बसल्या तरी उशी काही सुटली नाही. बोलताना उजवा हात सारखा पदराखाली जायचा, बोटांनी दाबून बघायचा, परत बाहेर यायचा. दहा मिनिटांत चार वेळा, मी मोजलं.

"डॉक्टर हळूहळू म्हणाले, म्हणजे त्यांना पण नक्की माहीत नाही ना? आणि रेडिएशन पण पुढे ढकललं."

भाऊ शेजारीच होते. म्हणाले, "मी हिला सांगतो विचार करू नको म्हणून, पण ही ऐकतच नाही." (विचार करू नको म्हटल्यावर विचार थांबलाय असा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि "पॉझिटिव्ह रहा" हा तर त्याचाच भाऊ.)

आधी माहितीचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही. ऑपरेशनमध्ये गाठ काढली की आत पोकळी राहते, तिथे बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं रक्त साठतं, तो हेमॅटोमा. शंभरात साधारण 2 ते 10 जणींना होतो. तो कॅन्सर नाही आणि त्याचा कॅन्सर होतही नाही. लहान असला तर काही आठवडे ते काही महिने घेऊन शरीर तो शोषून घेतं, मोठा असला किंवा वाढत असला तर सर्जन सुईने किंवा परत उघडून काढतात. आणि तुम्ही पाण्याची कळशी उचलली म्हणूनच झाला असं स्वतःला कोर्टात उभं करू नका. काळजी घेऊनही होतो, म्हणून तर त्याचा उल्लेख ऑपरेशनच्या आधी सही घेतात त्या कागदात असतो.

हे सगळं मी ताईंना पहिल्याच भेटीत सांगितलं, छान चित्र वगैरे काढून, आणि त्या हो हो म्हणत गेल्या आणि पुढच्या आठवड्यात जशाच्या तशा परत आल्या. चूक माझी होती. मी डोक्याला समजावत होते आणि भीती बसली होती बोटांच्या टोकाला.

दुसऱ्या वेळी मी विचारलं, "ताई, डॉक्टर नक्की कुठला शब्द बोलले?"

"हेमॅटोमा म्हणाले, पण मला काय ते कळणार. मग नर्सबाईने सांगितलं, रक्ताची गाठ आहे."

"आणि नणंद काय म्हणाली?"

"रक्ताची गाठ हार्टात जाते म्हणाली."

"आणि आधी काढली ती?"

"ती पण गाठच ना."

आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख झालं, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. कॅन्सरची ती गाठ, साठलेलं रक्त ती गाठ, शिरेत धरते ती गुठळी पण गाठ, आणि ताईंच्या दोऱ्याला मारतात ती पण गाठ. बिचाऱ्या एका शब्दाला आपण चार ठिकाणी कामाला लावलंय. बोटाला काही लागलं की त्यांच्या मनात "गाठ" हा शब्द उठायचा आणि त्या शब्दाच्या मागे तो बायोप्सीचा रिपोर्ट आला तो सगळा दिवस चालत यायचा.

मी म्हटलं, "लहानपणी दारात बोट चेमटलं की काय व्हायचं?"

"काळंनिळं व्हायचं. रक्त साकळायचं."

"मग हे काय आहे?"

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हात सवयीने पदराकडे निघाला होता तो अर्ध्यात थांबला आणि मांडीवरच्या उशीवर येऊन पडला. "साकळलेलं रक्त," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच परत एकदा, "साकळलंय फक्त."

शब्द बदलल्याने आजार बदलत नाही हे मलाही कळतं. पण माझा पहिल्यापासून असा अनुभव आहे की माणसाला घटना जेवढी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दल तो मनात जे वाक्य म्हणतो ते छळतं. "मला खात्री हवी" इथपर्यंत ठीक, "हवीच" झालं की तो एक च रात्रभर जागा ठेवतो. आणि नणंदेचं पण उत्तर देऊन टाकते: हेमॅटोमा रक्तवाहिनीच्या बाहेर साठलेला असतो, तो वाहत हृदयात जात नाही. पायाच्या शिरेत धरणारी गुठळी ही वेगळी गोष्ट.

राहिला तो चाचपण्याचा प्रश्न. सारखं दाबलं की ती जागा अजून दुखते, सुजल्यासारखी वाटते, मग खात्री करायला परत दाबायचं. मी विचारलं, "गिऱ्हाईकाचं माप किती वेळा घेता?"

"एकदा. फार तर ट्रायलला."

"रोज वीस वेळा घेतलं तर?"

पहिल्यांदा हसल्या. "दर वेळी वेगळं भरेल, आणि ब्लाऊज काय व्हायचा नाही."

मग ठरलं. सर्जनला विचारून आठवड्यातून एकच दिवस, रविवारी आंघोळीनंतर, आरशात बघायचं, दाबायचं नाही, आणि दुधाचा हिशोब लिहितात त्या कॅलेंडरवर लिहायचं. टेलरच त्या, रंगांची नावं त्यांच्याकडे तयार. पहिल्या रविवारी "वांगी", मग "वांगी, कडेला मेहंदी", मग "हळदी". साकळलेल्या रक्तातला लाल रंग मोडत जातो तशा या छटा बदलतात, आणि त्या बदलताना दिसल्या ना, की माझ्या शंभर वाक्यांनी होत नाही ते होतं. रंग गेल्यावरही आत कडकपणा काही महिने राहू शकतो हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं, नाहीतर तिथे परत घाबरल्या असत्या.

पण काही गोष्टींना रविवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सर्जनला फोन. सूज तासातासाला वाढतेय, जागा दगडासारखी ताणली गेलीय, जखमेत नळी ठेवलेली असेल तर ती लालभडक रक्ताने पटापट भरतेय, ताप, लाली, पू, चक्कर, किंवा कमी होत आलेलं दुखणं उलटं वाढायला लागलं. गरम शेक, हळदीचा लेप, तेल लावून चोळणं हे मनाने करू नका, ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते, भाजलं तरी कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका. आणि पुढच्या भेटीत तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: किती सेंटिमीटर आहे, पुढच्या वेळी किती असायला हवा, आणि मी कशासाठी फोन करायचा. ताईंना "हळूहळू"चा अर्थ मिळाला तो याच कागदावर. पुढे कधी नवीन काही हाताला लागलं तर ते दाखवायचंच, तिथे हेमॅटोमाच असेल म्हणून घरी बसायचं नाही.

चवथ झाल्यावर त्यांचा फोन आला. गणपतीच्या वर फळंफुलं टांगतात ती माटोळी यंदा मुलाने बांधली, ताईंनी खाली बसून नारळ दिले. रेडिएशनची तारीख मिळालीय, तिथे हात डोक्यावर धरून पडायचं असतं म्हणून भिंतीवर बोटं वर सरकवायचा व्यायाम चालू आहे, आता चौकटीच्या वर पोचतात.

"मॅडम, तिथे जायला पुढून हुक, सुती, आणि काखेत सैल असे चार शिवलेत. कापड उरलंय. तुमच्याकडे येतात त्या बायकांची मापं पाठवाल?"

मापं मी कशी घेणार, मी म्हटलं.

"नको, तुम्ही नकोच घेऊ. त्यांना माझ्याकडे पाठवा."