चित्रातला 'अवकाश' कोणता?

दारव्ह्याकडच्या एका सरांनी विचारलंय. शाळेतल्या पोरांनी संगणकाला वाट्टेल तशा आडव्याउभ्या रेघा मारायला लावल्या. कुणीतरी त्या चित्राखाली थट्टेनं लिहिलं, 'रिक्ततेच्या गर्भातून उमलणारा अस्तित्वाचा आशयघन अवकाश'. सगळे हसले, पण यातला 'अवकाश' म्हणजे वेळ की आकाश?

सर, दोन्ही नाही. संस्कृतात अवकाश म्हणजे मोकळी जागा, त्यावरून सवड, संधी. बोलण्यात आपल्याकडे वेळच उरला: 'लग्नाला अवकाश आहे', 'पाऊस यायचा अवकाश, की लाइन गेलीच'. अवकाशयानं उडायला लागली तसा तो पार वर गेला. चित्रकलेत मात्र तो जागेवरच आहे, आकारांच्या मधली नि भोवतालची मोकळी जागा. एकाच शब्दात वेळ आणि जागा कशी, असं वाटलं तर कपाशीच्या वावरात जा; तिथं पिकाच्या ओळीलाही 'तास'च म्हणतात. 'दोन तास निंदले' म्हणणारी बाई घड्याळाचं सांगते की ओळींचं, हे तिथं कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणजे शब्द बिचारा सरळ आहे. ('आशयघन' काही वर्षं कुणी वापरला नाही तर बरं, हे माझं मत.) खोट वाक्यात आहे. शब्दांची अदलाबदल करून पाहा: 'अस्तित्वाच्या गर्भातून उमलणारी अवकाशाची आशयघन रिक्तता'. काही बिघडलं? हेच वाक्य पोळ्याच्या झुलीखालीही खपेल.

तुमच्या पोरांसारखाच उद्योग 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मायकेल नोल या इंजिनिअरनं केला. मोंद्रियान या डच चित्रकाराच्या 1917 च्या रेघांच्या चित्रासारखं चित्र त्यांनी संगणकाकडून, रँडम म्हणजे कसलाही क्रम नसलेले आकडे वापरून, काढून घेतलं आणि दोन्हींच्या प्रती शंभर जणांपुढे ठेवल्या. 59 जणांना संगणकाचं जास्त आवडलं. संगणकाचं कोणतं, हे बरोबर ओळखणारे 28 च. पण दोन्ही चित्रांत काळ्या रेघा ढोबळ गोलात आहेत आणि चारी कोपरे कोरे. 'कोपऱ्यांतला अवकाश रेघांना गोलात आवळतो' असं कुणी लिहिलं, तर चित्रावर बोट ठेवून खरंखोटं करता येतं. चित्र माणसाचं की मशीनचं, यानं त्यात फरक पडत नाही.

पोरांच्या चित्राखाली 'मोकळी जागा' लिहा, 'स्पेस'ही चालेल. 'अंतराळ' तेवढं नको, त्यात रॉकेट येतं.