एजंट शोधतोय आणि नकारांवर नकार येतायत. यातून मनाने कसं सावरायचं?

तुम्ही लिहिलंय की आठ महिने लंडन आणि दिल्लीच्या साहित्यिक एजंटांना, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकांना विकून देणाऱ्यांना, तुमची इंग्रजी कादंबरी पाठवताय, एका बाईंनी पूर्ण हस्तलिखित मागवून घेतलं आणि मग नाही म्हटलं, झोप उडालीय, आणि घरचे म्हणतात, "प्रत्येक नकारातून काहीतरी शिकायचं असतं." आधीच्या उत्तरांत ध्यान, डायरी, सकाळचं चालणं सगळं येऊन गेलंय. त्या जादूगार पोराच्या पुस्तकाला कितीजणांनी नाकारलं तेही आलंय, ते यायचंच. मी लिहायला बसलेय ती तुमच्या घरच्यांच्या त्या वाक्यासाठी. तेच वाक्य मी आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकतेय.

एजंटच्या नकारातून शिकण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतं. "लेखन आवडलं, पण या पुस्तकासाठी जीव तोडून भांडावं इतकी मी त्यात गुंतले नाही," हे तुम्हाला आलंच असेल. मलाही आलंय, वेगवेगळ्या शहरांतून, जवळपास शब्दशः. त्या वाक्यावर रात्र रात्र विचार करणं म्हणजे बँकेच्या ओटीपीच्या मेसेजमध्ये आपल्याबद्दलचं मत शोधण्यासारखं आहे. एजंटला लेखकाकडून पगार नसतो. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाच्या पैशातले साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के, एवढीच कमाई. विकलं नाही तर तिची मेहनत पाण्यात. म्हणून ती वाचताना पुस्तक चांगलं आहे का एवढंच बघत नाही, आपल्या ओळखीतल्या कुठल्या संपादकाला हे देता येईल तेही बघते. कुणाचं नाव आठवलं नाही की वरचं वाक्य. यात तुमच्या तिसऱ्या प्रकरणाचा काहीही दोष नसतो.

आता माझं. मी स्वतः लेखिका नाही. सांगलीत विम्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि संध्याकाळी आत्याची कादंबरी इंग्रजीत आणली. कादंबरी सत्तरच्या दशकातली, सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, आणि एका अडत्याच्या घरातल्या सुनांची. एक आवृत्ती निघाली, संपली, पुन्हा कुणी काढली नाही. २००५च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं गेली, तेव्हा मला वाटलं की आता ही जागा नीट सापडेल ती या पुस्तकातच. तेव्हापासून डोक्यात होतं.

पण भाषांतराचं हस्तलिखित घेऊन एजंटकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, हक्क कुणाकडे? आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. आत्याचा वारस एकच, माझा आतेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय, पुण्यात असतो. त्याने स्टँपपेपरवर दोन वर्षांची परवानगी लिहून दिली आणि त्यात स्वतःच्या हाताने एक कलम घातलं: एजंट किंवा प्रकाशकाकडून येणारं प्रत्येक उत्तर त्याला दाखवायचं.

हे कलम नसतं तर मला नकारांचा काडीचा त्रास झाला नसता. खरंच सांगते. रात्री नकार वाचायचा, शिवी हासडायची, सकाळी डबा भरून ऑफिस. पण इथे प्रत्येक नकार पुण्याला जायचा, आणि रविवारी पुण्याहून फोन यायचा. "काय म्हणतात तुझे साहेब लोक?"

एकदा लंडनच्या एका एजंटबाईंनी पहिली पन्नास पानं वाचून पूर्ण पुस्तक मागवलं. हे किती दुर्मीळ असतं ते तुम्हाला माहितीय, समजावत बसत नाही. जानेवारीत पाठवलं. मार्चमध्ये लंडनचा पुस्तक मेळा असतो, त्याच्या आगेमागे कुणी कुणाला उत्तर देत नाही, म्हणून मी निवांत होते. दादा नव्हता. त्याने नातेवाइकांत सांगून टाकलं होतं की आईचं पुस्तक लंडनला चाललंय. मे महिन्यात रात्री साडेनऊला उत्तर आलं. उन्हाळ्यात त्यांची ऑफिसं पाचला सुटतात तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात. नकार बहुतेक त्याच वेळी येतात, टेबल रिकामं करून घरी जायची घाई. चार ओळी होत्या. वातावरण सुंदर, भाषांतर सफाईदार, पण इंग्रजी बाजारात हे पुस्तक कुठे बसवायचं ते दिसत नाही.

कलमाप्रमाणे मी ते दादाला पाठवलं. दोनच दिवसांनी भाचीचं केळवण होतं. जेवणं झाली, विडे वाटून झाले, आणि या माणसाने खिशातून फोन काढून ते पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. इंग्रजीत, मग ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी मराठीत. काकू म्हणाल्या, "अरे, राहू दे की." तो थांबला नाही. म्हणाला, "आईलासुद्धा साभार परत यायचं. पण ती प्रत्येक वेळी त्यातून शिकली. तू काय शिकलीस ते सांग."

मी पंगतीची ताटं उचलत होते. भाचीचा दिवस होता, मी काही बोलले नाही. पण रात्री माळ्यावरची आत्याची ट्रंक उतरवली. तिला आलेली साभार परतची पत्रं तिने जपून ठेवली होती, हे मला माहीत होतं, दादालाही माहीत होतं, फक्त त्याने ती कधी वाचली नव्हती. एका मासिकाच्या संपादकांचं पत्र फूलस्केपच्या दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. नायिका माहेरी जाते तो भाग शेवटी न्या. सासऱ्याचं बोलणं निम्मं करा. विहिरीचा प्रसंग तुम्ही पाहिलेला वाटत नाही, तो काढा. आणि खाली, फेरलेखन करून पुन्हा पाठवा. असल्या नकारातून आत्या शिकली यात नवल काय? मीही शिकले असते. मांजरही शिकलं असतं.

त्या काळी मराठीत ती पद्धतच होती. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन अशा पत्रांसाठी ओळखले जायचे, मासिक १९८२मध्ये बंद पडेपर्यंत. सगळ्यांना ते गोड लागायचं असंही नाही. १९६९मध्ये बंडखोर तरुण लेखक राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळीच केली. त्यांचं भांडण नुसत्या साभार परतचं नव्हतं, सगळ्या अभिरुचीशी होतं, पण एक मात्र खरं की भांडायला समोर एक मत होतं. "बाजारात कुठे बसवायचं ते दिसत नाही" याच्याशी कुणी भांडायचं आणि कसं? असल्या पत्राची होळी करायची म्हटली तर आधी प्रिंट काढायला लागेल.

दुसऱ्या दिवशी मी ते फूलस्केप पत्र दादासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाला, "मग तूही असं पत्र मिळवून दाखव."

आणि बघा, मिळालं. पुढच्या वर्षभरात दोन जणींनी, एक दिल्लीतली आणि एक परदेशातली, एकमेकींना न ओळखता, पहिल्या प्रकरणाबद्दल एकच सांगितलं. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. आत्याने पहिलं प्रकरण त्या वाट बघण्यावरच लिहिलंय, आणि मध्येच अडत्याच्या घराण्याचा चार पिढ्यांचा इतिहास घातलाय. दोघींचं म्हणणं, इतिहास पुढे न्या, माणूस पेवाच्या तोंडाशी उभा आहे तिथून वाचकाला हलवू नका. हे मला पटलं. पण आत्याची पानं भाषांतरकाराने आपल्या मनाने हलवायची नसतात, म्हणून मी दादाची परवानगी मागितली. उत्तर काय आलं? "आईच्या पुस्तकातलं एक पानही इकडचं तिकडे होणार नाही."

मग नकारातून शिकायचं ते काय? तारीख?

तुमच्या प्रश्नाकडे येते. नकार दोन ढिगांत टाका. ज्यात तुमच्या पुस्तकातलं पान, प्रसंग, पात्र यांचा उल्लेख आहे तो एक ढीग; तो लहान असेल. तीच गोष्ट दोन परक्या माणसांनी सांगितली तर त्या पानाकडे वळा, एकाने सांगितली तर वाट बघा. बाकी सगळे नकार डिलीट करा, वाचून लगेच. यासाठी वेगळा ईमेल उघडा आणि तो फोनवर ठेवू नका. एका वेळी पाच-सहाच ठिकाणी पाठवा, म्हणजे पहिल्या ढिगातलं काही आलं तर सुधारून पुढच्यांना पाठवता येतं. सगळी यादी एकदम संपवली की ती सोय राहत नाही. बारा आठवडे उत्तर आलं नाही तर बहुतेक ठिकाणी ते नकार म्हणूनच धरायचं असतं, आठवण करून देत बसू नका, पूर्ण हस्तलिखित मागवलेलं असेल तरच एकदा करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकार कुणाला दाखवायचे ते आधी ठरवा. माझ्या मते तुमची झोप एजंटांनी उडवलेली नाही. संध्याकाळी घरात "आलं का काही?" असं विचारणारं जे कुणी आहे, त्याने उडवलीय. पुस्तक पाठवलंय हेच घरात सांगू नका. लग्नाची बोलणी चालू असताना गावभर सांगत नाही आपण, मग हे कशाला?

एजंटशिवाय अडतंच असंही नाही. गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधी’च्या इंग्रजी भाषांतराला २०२२मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लँप’ला २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ती दोन्ही ब्रिटनमध्ये छोट्या स्वतंत्र प्रकाशकांनी काढली होती, पहिलं टिल्टेड अ‍ॅक्सिसने आणि दुसरं अँड अदर स्टोरीजने. ५०,००० पौंडांचं ते बक्षीस लेखिका आणि भाषांतरकार यांच्यात समान वाटलं जातं, हे दादाने मला आवर्जून कळवलं होतं. तेव्हा त्याचं पालुपद बदललं होतं: "आता तर काय, तुझंही घेतील." घेतील की. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, ते इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं. भारतात बरेच इंग्रजी प्रकाशक थेट हस्तलिखित बघतात, त्यांच्या संकेतस्थळावर कधी आणि काय पाठवायचं ते दिलेलं असतं. माझं पुस्तक सध्या अशाच एका ठिकाणी वाचायला गेलंय. कुठे ते सांगणार नाही, कारण वरचं कलम.

थोडं राहिलं. तुमची कादंबरी मुळातच इंग्रजीत आहे, म्हणजे पानं हलवायची मुभा तुम्हाला आहे, मला नव्हती. तेव्हा माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. वाचण्याचे पैसे मागणाऱ्या एजंटपासून जपून राहा. ब्रिटन-अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनांच्या नियमांत ते बसत नाही, आपल्याकडे काही ठिकाणी सर्रास चालतं. सगळेच एजंट निष्ठूर असतात असंही मला म्हणायचं नाही, त्या दिल्लीच्या बाईंनी वेळ काढून पानभर लिहिलं, त्यांना काय गरज होती? आणि झोप महिनोन्‌महिने येत नसेल तर डॉक्टरांकडे जा, माझ्यासारखीच्या उत्तरावर राहू नका.

दादा, तू या साइटवर असतोस हे मला वहिनीने सांगितलंय. परवानगीची मुदत डिसेंबरात संपतेय. नवा कागद तयार करून घेतलाय, त्यात ते कलम नाही. पहिलं प्रकरण बदलू द्यायचं की नाही ते तू ठरव, पण ते ट्रंकेतलं पत्र पुन्हा एकदा वाच आणि मग सही कर.